युद्धपटातील दुय्यम भूमिका : बाबुराव पेंढारकर यांचा जनरल फाँग

चित्रपटाच्या इतिहासलेखनात पारितोषिके ही गुणवत्तेची सोयीस्कर नोंद मानली जाते. नायकाच्या बाबतीत ही नोंद अपुरी असली, तरी त्याची कीर्ती इतर मार्गांनी टिकून राहते. दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाची स्थिती निराळी असते. पारितोषिकाच्या यादीत त्याचे नाव नसेल, तर इतिहासातूनही ते सहज गळून पडते. या दृष्टीने कोल्हापूरचे नट बाबुराव पेंढारकर (१८९६–१९६७) यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटात केलेली जनरल फाँगची भूमिका विचारणीय आहे.

राष्ट्रीय सभेने १९३८ मध्ये चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे चीनमध्येच निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये राजकमल कलामंदिरातर्फे हा चित्रपट निर्माण केला. दिग्दर्शक आणि नायक एकच असलेल्या अशा कृतीत सर्व प्रकाश नायकावर एकवटण्याचा धोका असतो. परंतु ज्यांच्यासाठी नायक देह झिजवतो, त्या लोकांना स्वतःचा अधिकार आणि स्वाभिमान आहे असे प्रेक्षकाला जाणवले नाही, तर सेवेला केवळ उपकाराचे रूप येते. चिनी सेनानीच्या पात्राचे महत्त्व येथे आहे. कथेत त्याला नायकाहून कमी जागा असली, तरी नायकाच्या त्यागाचे मोल ठरते ते अशा पात्राच्या वजनावरून.

हे वजन पेलण्याची पेंढारकरांची तयारी दीर्घ होती. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी मूकपटाचा काळ पाहिला. पुढे प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात त्यांनी गंगानाथाची खलभूमिका केली. खलनायकाला पडद्यावर आपला दरारा स्वतःच निर्माण करावा लागतो. तीच शक्ती येथे मित्रराष्ट्राच्या सेनानीकडे वळली. शांताराम यांच्याच ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मध्ये पेंढारकर तुरुंगाधिकारी झाले आणि नायकाचा प्रयोग पुन्हा त्यांच्या नजरेसमोर पारखला गेला. दोन्ही ठिकाणी नायकाच्या ध्येयवादासमोर उभी राहणारी अधिकारी व्यक्ती त्यांच्या वाट्याला आली, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

याच दशकातील एक परदेशी उदाहरण तुलनेस उपयुक्त आहे. स्पेनच्या यादवी युद्धावरील ‘फॉर हूम द बेल टोल्स’ (१९४३) या अमेरिकन चित्रपटात ग्रीक रंगभूमीवरील नटी कातिना पाक्सिनू यांनी पिलार ही स्पॅनिश गनिमी स्त्री उभी केली. त्यासाठी त्यांना दुय्यम भूमिकेचे ऑस्कर मिळाले. ग्रीक नटीने स्पॅनिश व्हावे आणि कोल्हापूरच्या नटाने चिनी, या दोन आव्हानांची जात एकच होती. फरक होता तो संस्थांचा. ऑस्करमध्ये दुय्यम भूमिकांचा विभाग १९३६ च्या चित्रपटांपासून होता. तरीही त्या विजेत्यांना आरंभी फलकच मिळे. पूर्ण पुतळा मिळू लागला तो पाक्सिनू यांच्याच वर्षापासून. भारतात फिल्मफेअर पारितोषिकांचा प्रारंभ १९५४ मध्ये झाला आणि त्यांत दुय्यम भूमिकांचा समावेश पुढील वर्षी झाला. राष्ट्रीय पुरस्कारांत तर हा विभाग १९८४ च्या चित्रपटांपासून आला.

तात्पर्य, जनरल फाँगला पारितोषिक मिळाले नाही, यावरून त्या अभिनयाविषयी कोणताच निष्कर्ष निघत नाही. १९४६ मध्ये तो मोजण्याचे मापच येथे घडलेले नव्हते. मराठी नटांचा इतिहास लिहिताना यादीपेक्षा कृतीकडे, आणि नायकाइतकेच त्याच्या समोर उभ्या असलेल्या पात्राकडे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.