घरगुती बायोगॅस : गरजेप्रमाणे गॅस कसा मिळवावा?

बायोगॅस संयंत्रात गॅस दिवसरात्र तयार होत असतो. स्वयंपाक मात्र सकाळ-संध्याकाळच होतो. त्यामुळे कधी गॅस वाया जातो, तर कधी ऐन वेळी शेगडी विझते. थोडे नियोजन केल्यास हा फरक आपण बराच कमी करू शकता.

हिशेब समजून घ्या

1 किलो ताज्या शेणापासून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो. म्हणजे 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते. एवढ्या गॅसवर साधी बायोगॅस शेगडी सुमारे 4 तास चालते.

दीनबंधू पद्धतीच्या घुमटात रोजच्या गॅसपैकी सुमारे एक तृतीयांश गॅस साठतो. 2 घनमीटरच्या संयंत्रात ही साठवण सुमारे 660 लिटर होते. रात्री 9 ते सकाळी 6 या वेळेत गॅस मात्र सुमारे 750 लिटर तयार होतो. घुमट भरल्यावर जास्तीचा गॅस निर्गम कुंडातून बुडबुड्यांच्या रूपात निघून जातो.

काय करावे?

• रात्री झोपण्यापूर्वी उरलेला गॅस वापरून टाका. पाणी तापवणे, दूध उकळणे किंवा जनावरांचे खाद्य शिजवणे अशी कामे तेव्हा करावीत.
• शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून रोज भरा. चार दिवसांचे शेण एकदम भरू नका.
• शेण हळूहळू कुजते. आज जास्त भरलेल्या शेणाचा पूरा गॅस पुढील काही आठवड्यांत मिळतो. घरात कार्य असल्यास आधीपासूनच शेणाचे प्रमाण थोडे थोडे वाढवा.
• उरलेला भात, पीठ, फळांच्या साली यांपासून गॅस लवकर मिळतो. पाहुणे येणार असतील, तर आदल्या दिवशी असा ओला कचरा बारीक करून थोड्या प्रमाणात टाका.
• उन्हाळ्यात गॅस उरत असल्यास शेणाचे प्रमाण कमी करा. गॅस हवेत सोडू नका. त्यातील मिथेन हवामानास घातक आहे.

थंडीत गॅस का कमी होतो?

गॅस तयार करणारे जिवाणू सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमानात चांगले काम करतात. 15 अंशांखाली गॅस फारच कमी होतो. हिवाळ्यात कोमट पाण्यात शेण कालवा आणि संयंत्राभोवती पालापाचोळ्याचा थर द्या. डोंगराळ, थंड भागात दुसरे इंधनही हाताशी ठेवा.

सावधान

आंबट वास येणे, ज्योत मंद होणे किंवा गॅस पेट न घेणे ही ओला कचरा जास्त झाल्याची लक्षणे आहेत. काही दिवस कचरा बंद करा आणि नंतर फक्त शेणकाला भरा. बायोगॅस घरच्या घरी सिलिंडरमध्ये भरू नका. तो एलपीजीसारखा साध्या दाबाने द्रवरूप होत नाही. गळती शोधताना काडी न पेटवता साबणाचे पाणी वापरा.

अर्ज करण्यापूर्वी

केंद्र सरकारच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या बायोगॅस कार्यक्रमात 1 ते 25 घनमीटरच्या संयंत्रांसाठी आकार व प्रवर्गानुसार 9,800 ते 70,400 रुपये अनुदान ठरवले आहे. हा टप्पा 2021-22 ते 2025-26 या कालावधीसाठी आहे. सध्या अर्ज स्वीकारले जातात का, हे आपल्या राज्याच्या अंमलबजावणी यंत्रणेकडे विचारा. महाराष्ट्रात पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी.

जास्त अनुदानासाठी मोठे संयंत्र मागू नका. गोठ्यात रोज खरोखर किती शेण मिळते, ते सात दिवस मोजा आणि त्यानुसारच आकार निवडा. शेण अपुरे पडले, तर मोठे संयंत्र अर्धपोटीच राहते आणि त्यात घातलेला आपला पैसाही अडकून पडतो.