मालमत्ता आणि देयता

पूर्वीच्या व्यवहारातून संस्थेच्या ताब्यात आलेल्या व पुढे लाभ देऊ शकणाऱ्या साधनास लेखाशास्त्रात मालमत्ता म्हणतात, आणि अशाच व्यवहारामुळे अंगावर आलेल्या व पुढे फेडाव्या लागणाऱ्या बंधनास देयता म्हणतात. मालमत्तेतून देयता वजा जाता उरते ते मालकाचे भांडवल. एखादी वस्तू यांपैकी कशात मोडते हे तिच्या रूपावरून सांगता येत नाही, ती कोणाच्या हिशेबात पाहिली जाते हे आधी ठरवावे लागते. नाशिक रोड येथील चलार्थ पत्र मुद्रणालयात छापली जाणारी नोट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

१९२८ मध्ये सुरू झालेले हे मुद्रणालय २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. छापून झालेल्या, पण रिझर्व्ह बँकेकडे न गेलेल्या नोटा कंपनीच्या ताळेबंदात मालाचा साठा म्हणून मालमत्तेत येतात, आणि त्यांची किंमत कागद, शाई व मजुरी यांच्या खर्चावरून धरली जाते. पाचशेची नोट तेथे पाचशेची नसते. तीच नोट चलनात आली की रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ३४ नुसार बँकेची देयता होते आणि तिच्यापोटी सोने, परकीय व सरकारी रोखे अशी मालमत्ता राखावी लागते. धारकास रक्कम अदा करण्याचे नोटेवरील वचन या देयतेचेच द्योतक आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो विकून ती नोट घेणाऱ्या शेतकऱ्याची ती मालमत्ता. त्याने ती बँकेत भरली की बँकेची रोकड आणि ठेवीच्या रूपातील देयता एकदमच वाढतात. मोठ्या ठेवींवरून बँकेला श्रीमंत ठरवणारे हा दुसरा भाग सहसा विसरतात.

एक रुपयाची नोट याला अपवाद आहे. ती भारत सरकार काढते, तिच्यावर वित्त सचिवाची सही असते, वचन नसते व कायदा तिला नाण्यासमान मानतो. त्यामुळे रिझर्व्ह बँकेजवळच्या अशा नोटा तिच्या मालमत्तेत धरल्या जातात.

देयता फेडीशिवाय कायद्यानेही संपू शकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० व १,००० रुपयांच्या नोटांवरील रिझर्व्ह बँकेची देयता २०१७ च्या अधिनियमाने ३१ डिसेंबर २०१६ पासून संपुष्टात आणली, आणि सुमारे १०,७२० कोटी रुपयांच्या ज्या नोटा परत आल्याच नाहीत, त्या धारकांच्या हिशेबात बुडीत ठरल्या.