आईचं नाव लावणारे राजे



१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकराचा दाखला तुमच्यापैकी कुणी काढला असेल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आमच्या बैठकीत यावर बराच वेळ बोलणं झालं. एक आजी म्हणाल्या, "हे काहीतरी नवीनच काढलंय." तेव्हाच आम्ही ठरवलं, की या वेळी सातवाहनांची गोष्ट सांगायची.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखावर सातवाहन घराण्याचं राज्य होतं. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. या घराण्यातला सगळ्यात गाजलेला राजा गौतमीपुत्र सातकर्णी. म्हणजे गौतमीचा मुलगा. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. हे त्यांनी नाण्यांवर पाडलं, दगडात कोरलं. आता लगेच असं समजू नका, की तेव्हा बायांचं राज्य होतं. गादी बापाकडून मुलाकडेच जायची. राजाला राण्या अनेक, त्यामुळे हा कुठल्या राणीचा, हे कळायला आईच्या कुळाचं नाव लावत असावेत, असं बरेच जाणकार म्हणतात. पण कारण काही असो, नाव लागलं ते आईचं.

हे राज्य मोठं कशावर झालं? घाटांवर. पैठण, तेर, जुन्नर इथला माल घाट उतरून कल्याण, सोपारा, भडोच या बंदरांत जायचा आणि तिथून जहाजाने परमुलखात. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की तेरहून जाडंभरडं कापड गाड्यांत भरून भडोचला येतं. तेर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती जकात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात माथ्यावर आजही दगडी रांजण आहे, त्यात जकातीचे पैसे टाकत, असं तिथले लोक सांगतात.

त्याच घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. नवरा सातकर्णी वारला होता आणि मुलं लहान होती. उपास-तापास करत घरातच तपस्विनीसारखी राहते, असं त्या लेखात तिच्याबद्दल आहे. पण पुढे वाचलं तर यज्ञ किती, दक्षिणा किती, गाई किती, हत्ती किती, घोडे किती, कार्षापण नावाची नाणी किती, असा सगळा हिशेब आकड्यांत दिलाय. आपल्या देशात कोरलेल्या फार जुन्या आकड्यांपैकी काही पाहायचे, तर ते इथे. लेण्यात घरातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या. आता त्यांची पावलं तेवढी उरलीत आणि वर नावं.

पुढे गुजरातेकडून क्षहरात क्षत्रप आले. त्यांचा राजा नहपान. त्याने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा भाग घेतला आणि घाट गेले. मग गौतमीपुत्राने त्याला हरवून मुलूख परत मिळवला. याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे सापडला. नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा निघाला, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा शिक्का मारला होता. चांदी त्याचीच, शिक्का आपला. जिंकलो हे बाजारात घरोघर कळवायला याहून सोपी रीत नाही.

ही सगळी हकिकत आपल्याला विस्ताराने कळते ती गौतमीपुत्राच्या आईकडून. तिचं नाव गौतमी बलश्री. नाशिकच्या पांडवलेणी डोंगरात (पांडवांचा तिथे काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्खूंची लेणी) तिसऱ्या क्रमांकाचं लेणं तिने दान दिलं आणि ओसरीच्या भिंतीवर लांबलचक लेख कोरवला. तेव्हा मुलगा हयात नव्हता, नातवाच्या राज्याचं १९वं वर्ष चालू होतं. माझ्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, तो कर घ्यायचा तो धर्माने घ्यायचा, प्रजेच्या सुखदुःखात सामील व्हायचा, आईची सेवा करण्यात कधी चुकला नाही, असं त्यात आहे. आईनेच सांगितलेलं, तेव्हा थोडं वजा करून घ्यायला हरकत नाही. स्वतःबद्दल ती सांगते, महाराजाची आई आणि महाराजाची आजी.

आम्हाला मात्र त्याच ओसरीतला दुसरा, छोटा लेख जास्त आवडतो. तो मुलगा जिवंत असतानाचा, त्याच्या २४व्या वर्षातला. हुकूम राजाचा आणि आईचा, दोघांचा मिळून. तिथे तिला 'जीवसुता' म्हटलंय, जिचा मुलगा जिवंत आहे ती. गोवर्धन इथला अधिकारी सामक याला कळवलंय, की भिक्खूंना आम्ही कखडी गावातलं शेत दिलं होतं, पण ते शेत कुणी कसत नाही आणि गावात वस्तीही नाही. तेव्हा त्याच्या बदली नगराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतून १०० निवर्तनं द्या. कागदावर जमीन मिळाली आणि जाऊन पाहिलं तर पडीक, हे आपल्याला नवीन नाही. तिथे निदान चूक मानली आणि बदली जमीन दिली. हा लेख पुरा करण्याचं काम लोटा नावाच्या प्रतिहारी बाईने केलं, हेही शेवटी लिहिलंय.

आता त्याच डोंगरात थोडं पुढे, दहाव्या लेण्यात चला. हे लेणं शत्रूच्या बाजूचं, नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. गटाच्या वहीवर हात बसलेल्या बायांनी करून बघा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्खूंना १२ प्रमाणे २४०. पैचाही फरक नाही! राजाच्या घरच्या माणसाने पैसा ठेवला तो विणकरांकडे, कारण सूत आणि माग सुरू राहणार याचा भरवसा होता. आपल्या गटात आपसात शेकडा दोन घेतात, तेव्हा आपल्याहून त्यांचा दर निम्मा होता, हेही ऐकून ठेवा.

याच लेण्यात एका खोलीच्या दानाचा लेख आहे. दान देणारी दक्षमित्रा. ती उषवदाताची बायको आणि नहपानाची लेक. तिसऱ्या लेण्यात बलश्री अभिमानाने सांगते, की माझ्या मुलाने क्षहरातांचं कूळ मुळापासून उपटून काढलं. ते कूळ दक्षमित्रेच्या माहेरचं. लढाई संपल्यावर सातवाहनांनी नहपानाच्या नाण्यांवर शिक्के मारले, पण दक्षमित्रेचं नाव छिन्नीने घासून काढलं नाही. खोलीही तशीच ठेवली. दोन्ही लेणी एकाच रांगेत आहेत आणि दोघींची नावं आजही वाचता येतात.