अपमानाचें व्रत

कर्नाळा किल्ल्याच्या माथ्यावरून निरभ्र दिवशीं मुंबईचें बंदर दिसतें. त्याच बंदरांतील घारापुरी बेटावर, इ. स. च्या ६ व्या शतकांतील लेण्यांत, नटराजासमोर योगासनस्थ शिव कोरलेला आहे. तो पाशुपत पंथाचा आद्य आचार्य लकुलीश होय, असें अनेक संशोधक मानतात. मथुरेच्या इ. स. ३८० च्या स्तंभलेखांत या पंथाची गुरुपरंपरा आढळते.

पाशुपत साधक प्रथम देवळांत राही, त्रिकाळ भस्मस्नान करी आणि हास्य, गीत, नृत्य व हुडुक्कार यांनीं शिवास आळवी. पुढें तो पंथाचीं चिन्हें लपवून लोकांत मिसळे. जागा असून घोरे, धडधाकट असून लंगडत चाले, असंबद्ध बोले आणि निंदा मुद्दाम ओढवून घेई. पाशुपतसूत्रांची शिकवण अशी, कीं निंदकाचें पुण्य साधकास मिळतें आणि साधकाचें पाप निंदकाच्या माथीं जातें. त्यानंतर गुहावास, मग स्मशानवास व शेवटीं रुद्रसायुज्य.

ग्रीसमधील डायोजिनीस आणि रशियांतील ख्रिस्तवेडे साधु यांनींही लोकनिंदा पत्करली. पण जगाचा दंभ उघडा पाडणें हा त्यांचा एक हेतु होता. पाशुपतास बघ्यांना शहाणें करावयाचें नव्हतें. त्यांचें पुण्य हवें होतें. समोर साधक आहे हें ज्याला ठाऊकच नाहीं, त्या गांवकऱ्यानें त्याचें पाप कां वाहावें? विचित्र आचारांना हंसणें सोपें आहे. पंथाची खरी परीक्षा मात्र एकाच्या मुक्तीचा भार कोणावर पडतो, यावरूनच होते.