फुटबॉलच्या वादात हरवलेला खेळाडू

गोव्यातील फुटबॉलचा आरंभ १८८३ सालापासून मानला जातो. त्या वर्षी विल्यम लायन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने बार्देशातील शिवोली येथे मुलांना हा खेळ शिकविला. शिवोलीच्या धक्क्यावर उभे राहिले की शापोरा नदीच्या पैलतीरी आमच्या पेडणे महालातील चोपडे दिसते. आता तेथे पूल आहे. पूर्वी होडीने वा फेरीबोटीने पलीकडे जाता येई. तरीही फुटबॉलला ही नदी ओलांडून आमच्याकडे रुजायला फार काळ लागला. त्याचे कारण नदी नव्हे, इतिहास आहे. बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी हे जुन्या काबिजादीचे महाल. तेथे चर्च, चर्चची शाळा आणि शाळेपुढील मैदान यांच्या आश्रयाने खेळ वाढला. डिचोली आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे तर १७८८ मध्ये. आमच्या गावांतील मोकळी जागा म्हणजे देवळापुढचा मांड, आणि त्यावर हक्क शिमग्याचा, भजनाचा व दशावताराचा.

वाद घालण्याची हौस मात्र आमच्याकडे मुबलक होती. मोचेमाडकरांचा दशावतार सरस की पार्सेकरांचा, यावर रात्री जागविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. फुटबॉल आला तेव्हा हे वादपटू आयतेच तयार होते. त्यांना पक्ष तेवढे हवे होते, आणि ते खाणींनी पुरविले. साळगावकर क्लबची स्थापना १९५६ ची, धेंपो क्लबची १९६८ ची. दोन्हींमागे खाणव्यवसायातील घराणी होती. धेंपोंची मोठी खाण तर डिचोलीतच होती. ज्याच्या घरातील माणूस ज्या खाणीवर, त्याचा कल बहुधा त्या संघाकडे. डिचोलीच्या बाजारात चहा पिताना निघालेला वाद पेडण्याच्या बसमध्येही संपत नसे.

या वादाचे तीन विषय ठरलेले असत: कौशल्य, यश आणि दुखापत. त्यांचे नियमही ठरलेले असत. आपल्या खेळाडूचे कौशल्य जन्मजात, प्रतिपक्षाच्या खेळाडूचे ते नशीब. आपले यश कष्टाचे, त्यांचे पंचाच्या कृपेचे. आपला खेळाडू जायबंदी झाला तर तो घातपात, त्यांचा झाला तर ते नाटक. ‘अमका पायाने अधू होता म्हणून हरलो, नाहीतर दाखवले असते,’ हे वाक्य आम्ही दोन्ही पक्षांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की ते कोणत्या सामन्याविषयी होते हे विचारण्याचे आम्ही सोडून दिले.

साळगावकरांच्या पाठीराख्यांचे ब्रह्मास्त्र म्हणजे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. १९८३ मध्ये संतोष करंडक गोवा व बंगाल यांना संयुक्तपणे मिळाला. पुढच्याच वर्षी मद्रासला गोव्याने पंजाबला हरवून तो एकट्याने जिंकला, तेव्हा कर्णधार ब्रह्मानंदच होते आणि त्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. त्यांनी भारताचेही नेतृत्व केले आणि १९९७ चा अर्जुन पुरस्कार मिळविला. जुने लोक त्यांच्याविषयी बोलत तेव्हा उंच झेप घेऊन अडविलेल्या चेंडूंपेक्षा एक वेगळी गोष्ट सांगत. समोरून आघाडीचा खेळाडू एकटा चाल करून आला की गोलरक्षकाने रेषेवर थांबायचे नसते, पुढे धावून त्याच्या पायांवर स्वतःला झोकून द्यायचे असते. प्रेक्षक अशा झेपेला टाळ्या देतो. तीत कोणाचा तरी हात, बरगडी वा गुडघा पणाला लागलेला असतो, हे टाळ्या वाजविताना कोणाच्या मनात येत नाही.

यशाच्या हिशेबात साळगावकरांनी प्रथम बाजी मारली. १९८८ आणि १९८९ मध्ये त्यांनी फेडरेशन चषक जिंकला आणि १९९८-९९ मध्ये गोव्याला पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळवून दिले. मग धेंपोंचा काळ आला. आर्मांद कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २००५, २००७, २००८, २०१० आणि २०१२ अशी पाच विजेतेपदे मिळविली. चर्चिल ब्रदर्सने २००९ व २०१३ मध्ये, तर साळगावकरांनी पुन्हा २०११ मध्ये बाजी मारली. पहिल्या सतरा राष्ट्रीय लीगपैकी नऊ गोव्यात आल्या. एवढ्याशा प्रदेशाला हा अभिमान शोभून दिसतो. पण धेंपोंच्या पहिल्या विजेतेपदाच्या अलीकडे, त्याच मोसमात, एक तारीख आहे. तिच्याविषयी आमच्या वादपटूंना पुढे कधी मोठ्याने बोलवले नाही.

ती तारीख ५ डिसेंबर २००४. बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोंच्या आघाडीला क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन खेळाडू होता. आदल्या मोसमात ईस्ट बंगालला विजेतेपद मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि त्याला गोव्याने आणले याचा आमच्याकडे केवढा आनंद झाला होता! त्या दिवशी पहिला गोल त्याचा. उत्तरार्धात तो दुसऱ्या गोलसाठी चाल करून गेला तेव्हा बागानचा तरुण गोलरक्षक सुब्रत पाल पुढे धावून आला. चेंडू जाळ्यात गेला, दोघांची टक्कर झाली, क्रिस्तियानो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपो २-० ने जिंकले. फेडरेशन चषक प्रथमच त्यांच्याकडे आला, आणि तो आणणारा मृतावस्थेत रुग्णालयात होता. क्लबने त्याची दहा क्रमांकाची जर्सी निवृत्त केली.

दुसऱ्या दिवसापासून वाद सुरू झाला. आमच्याकडे म्हणत, हे मुद्दाम केले. बंगालकडे म्हणत, हा अपघात. चौकशी झाली, पालला काही काळ निलंबन सोसावे लागले. पुढे तोच पाल भारताचा गोलरक्षक झाला, २०११ च्या आशियाई चषकात दोह्याला त्याच्या खेळाची वाहवा झाली आणि २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच्या मनात त्या क्षणी काय होते याचा निवाडा आम्ही करणार नाही. तो अधिकार कोणाही पाठीराख्याला नाही. आम्हाला दिसते ते एवढेच की ज्या झेपेसाठी आम्ही तीस वर्षे टाळ्या वाजविल्या तीच ती झेप होती. कौशल्य, यश आणि दुखापत हे वादासाठी आम्ही तीन वेगळे विषय केले. मैदानावर ते एकाच क्षणात, एकाच देहावर येतात.

वादाच्या गलबल्यात एक प्रश्न मागे राहिला. खेळाडू कोसळल्यापासून डॉक्टरच्या हाती पडेपर्यंत किती वेळ गेला? मैदानावर पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती अशी टीका त्या वेळी झाली, पण मुद्दाम की अपघात या प्रश्नाइतकी ती कोणी मनावर घेतली नाही. या प्रश्नाचे उत्तर जगाने २०१२ च्या मार्चमध्ये दोनदा पाहिले. १७ मार्चला लंडनमध्ये फाब्रिस मुआंबा हा खेळाडू खेळता खेळता कोसळला. त्याचे हृदय ७८ मिनिटे बंद होते. मैदानावर डॉक्टर होते, हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र होते, तो वाचला. चारच दिवसांनी बंगळूरमध्ये एका स्थानिक सामन्यात बंगळूर मार्स संघाचा डी. वेंकटेश कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. त्याला ऑटोरिक्षात घालून न्यावे लागले, आणि तो वाचला नाही. क्रिस्तियानो ज्या शहरात गेला त्याच शहरात, सात वर्षांनंतर!

येथे आम्हाला आमचीच साक्ष द्यावी लागते. शासकीय सेवेत असताना काही वर्षे आम्ही एका तालुक्यातील स्पर्धांना परवाने देण्याचे काम केले. पावसाळा संपला, कापणी झाली की गावोगावचे मंडळ अर्ज घेऊन येई. ध्वनिवर्धक किती वाजेपर्यंत, पोलीस बंदोबस्त हवा की नको, जमीनमालकाची संमती आहे का, वीज कोठून घेणार, हे सारे आम्ही काटेकोरपणे तपासले. जखमी झालेल्या मुलाला कोण बघणार आणि कशातून नेणार, असा रकाना त्या अर्जात नव्हता, आणि तो असावा असे आम्हाला कधी सुचले नाही. एका वर्षी अंतिम सामन्यात एका मुलाच्या पायाचे हाड मोडले. त्याला मालवाहू टेंपोत घालून म्हापशाला नेले. सायंकाळी आम्ही त्या गावात होतो. चर्चा चालली होती ती पंचाने पेनल्टी द्यायला हवी होती की नाही याची, आणि त्या चर्चेत आम्हीही हिरिरीने बोललो. मुलाची चौकशी आम्ही तिसऱ्या दिवशी केली. तो पुढे खेळला नाही. त्या परवान्यावर सही आमची होती.

त्यानंतर बरेच बदलले. २००८ पासून गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. २०१४ मध्ये एफसी गोवा संघ निघाला. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तेव्हा जुन्या वादपटूंच्या तोंडचा घासच गेला. साखळीला जुन्या खाणीच्या परिसरात सेझाच्या अकादमीने मुले घडविली. आज पेडण्यात आणि डिचोलीत संध्याकाळी चेंडूमागे धावणारी मुले पाहिली की शिवोलीची ती नदी अखेर ओलांडली गेली याचे समाधान वाटते.

वाद तर होतच राहतील. ते थांबावेत अशी आमची इच्छाही नाही, कारण वादाशिवाय खेळ म्हणजे मिठाशिवाय पेज. मात्र या अंकाच्या वाचकांपैकी अनेकजण गावच्या मंडळांवर आहेत, देवस्थान समित्यांवर आहेत, कोणी आजही शासनात आहेत. त्यांना आमची एकच विनंती आहे. यंदा स्पर्धेचा अर्ज लिहाल तेव्हा त्यात कोणी सांगितला नसला तरी एक रकाना वाढवा, डॉक्टर कोण आणि गाडी कोणती, आणि तो भरल्याशिवाय चेंडू मैदानात आणू नका. आम्ही तीस वर्षांपूर्वी जे केले नाही ते एवढेच होते.