शिखराची रेषा

वज्रेश्वरीच्या देवळाची तटबंदी पाहताना किल्ल्याची आठवण होते, आणि ती व्हावी हे साहजिकच. १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी बोललेल्या नवसातून हे देऊळ उभे राहिले. तिथली भिंत सरळ आहे. वक्राचे शास्त्र पाहायचे तर याच जिल्ह्यात अंबरनाथला जावे.

शके ९८२च्या (इ.स. १०६०) शिलालेखात शिलाहार राजा मामवाणीचे नाव असलेले ते शिवमंदिर भूमिज शैलीचे. चौरस थोडाथोडा फिरवून साधलेला तारकाकृती तलविन्यास, मुख्य दिशांना वर चढणाऱ्या लता, त्यांच्यामध्ये आकाराने घटत जाणाऱ्या लघुशिखरांच्या ओळी. वरचा भाग ढासळलेला असला तरी उरलेल्या ओळी वक्राची दिशा सांगतात. शिल्पग्रंथांत पायाच्या चौपट लांबीच्या सूत्राने असा वक्र आखण्याची रीत येते. पाया बदला, सारे शिखर बदलते.

आज संगणकावर वक्र दर्शनी भाग रचणारे याच गुणाला 'पॅरामेट्रिक' म्हणतात. मग सूत्रधाराला पॅरामेट्रिक म्हणावे काय? अशा तुलनांचा मला एरवी कंटाळा आहे. पण १९९७ साली उघडलेल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाचे उदाहरण घ्या. फ्रँक गेरींच्या कार्यालयाने विमाने रचण्याचे 'कॅटिया' त्यासाठी वापरले खरे. परंतु ते वक्र आधी हाताने केलेल्या प्रतिकृतींत घडले, मग मोजून संगणकात गेले. नियम मागाहून आला. अंबरनाथला तो आधी होता, आणि दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किती आत सरकणार हे त्यानेच ठरवले.