खिळे जुळवणाऱ्या बायांचं बायबल

मागच्या बैठकीत हप्ते वहीत उतरवून झाले आणि गप्पांत एक शंका निघाली. ख्रिस्ती लोकांचं बायबल म्हणजे नेमकं काय? एकीला वाटत होतं, गीतेसारखं एकच पुस्तक असावं. दुसरी म्हणाली, ते येशूचं चरित्र आहे. नक्की कुणालाच सांगता येईना, म्हणून आम्ही दोघीतिघींनी बायबल मिळवलं आणि वाचायला बसलो. कुणाला धर्म शिकवावा असा यात हेतू नाही. शेजारणीच्या घरात जे पुस्तक वाचलं जातं त्यात काय आहे, एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं, म्हणून हे बोलणं.

पहिली गोष्ट ही कळली, की ते एक पुस्तक नाहीच. बायबल हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच ‘पुस्तकं’ असा आहे. शेकडो वर्षांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली पुस्तकं एका बांधणीत घातलेली आहेत. प्रोटेस्टंट मंडळींच्या बायबलात ती ६६ आहेत, कॅथलिकांच्या ७३. त्याचे दोन मोठे भाग. जुना करार हा यहुदी लोकांचाही धर्मग्रंथ, बहुतेक हिब्रू भाषेत लिहिलेला. त्यात जगाच्या उत्पत्तीची कथा आहे, गुलामीतून सुटलेल्या लोकांची हकिकत आहे, नियम आहेत, राजांचे वृत्तांत आहेत, १५० स्तोत्रं आहेत, आणि राजाला तोंडावर सुनावणारे संदेष्टे आहेत. नवा करार ग्रीक भाषेतला, २७ पुस्तकांचा. सुरुवातीला येशूची हकिकत सांगणारी चार शुभवर्तमानं: मत्तय, मार्क, लूक, योहान. पुढे पहिल्या शिष्यांची कृत्यं, मग पत्रं, आणि शेवटी प्रकटीकरण. करार म्हणजे देवानं माणसांशी केलेला करार. जमिनीच्या कागदावर असतो तोच शब्द.

एकच गोष्ट चौघांनी का सांगावी, असं आम्हालाही वाटलं. पण आपल्याकडे एका लग्नाची हकिकत चार जावा सांगतात तेव्हा काय होतं? लग्न तेच, पण एकीच्या लक्षात मानपान राहतो, दुसरीच्या पाठवणी. इथंही तसंच आहे. लूकच्या शुभवर्तमानात बायका पुष्कळ भेटतात. तिथं येशूनं सांगितलेला एक दृष्टान्त तर आपल्या गटासाठीच सांगितल्यासारखा वाटला. एका बाईकडे चांदीची दहा नाणी असतात. एक हरवतं. ती दिवा लावते, सगळं घर झाडून काढते, नाणं सापडेपर्यंत थांबत नाही. आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. हरवलेला माणूस सापडला की देवाला असाच आनंद होतो, असं येशूला सांगायचं आहे. पै न् पै जपणाऱ्या बाईचा जीव त्या गोष्टीत आहे.

जुन्या करारात रूथचं छोटंसं पुस्तक आहे. रूथ परक्या मुलखातली, मवाबची. नवरा वारला, तरी सासूला एकटं सोडून ती माहेरी गेली नाही. सासूबरोबर बेथलेहेमला आली आणि जवाच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरू लागली. कापणी करताना शेताच्या कडा पुऱ्या कापू नयेत, पडलेली कणसं गरिबांना, परक्यांना आणि विधवांना राहू द्यावीत, असा तिथला धर्मनियमच होता. सरवा कुणी कुणासाठी ठेवतं हे ज्यांनी वेचलाय त्यांना वेगळं सांगायला नको. नवा करार उघडला की मत्तयनं दिलेल्या येशूच्या वंशावळीत या रूथचं नाव आहे.

आता हे सगळं मराठीत आलं कसं, ते सांगतो, कारण त्यात आपल्या मुलखातली एक बाई आहे. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडिलांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि तिनं मुलीला. आईवडील दुष्काळात गेले. बहीणभाऊ पायी हिंडत कलकत्त्याला पोचले, तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं. पण बाईमाणसानं वेद वाचायचे नाहीत, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं होतं. कलकत्त्यात कुणी तिला संस्कृत बायबल दिलं. एवढी पंडिता, तिलाही ते कळलं नाही. वाचणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं वाटलं. पुढे नवऱ्याच्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं, ते मात्र तिनं वाचलं. तेच पुस्तक, ज्यात घर झाडणारी बाई आहे.

नवरा लवकर वारला. १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तिथंही, मला पटल्याशिवाय मानणार नाही, म्हणून मंडळींशी वाद घातले. इकडे परतल्यावर विधवांसाठी शारदासदन काढलं, तर मुली बाटवतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती आम्हाला खोटी वाटत नाही. पण रमाबाईंचं कामही खोटं नव्हतं.

दौंडजवळ केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभारलं. १८९७ च्या आसपास दुष्काळी भागातून शेकडो बायामुली तिथं आणल्या. त्यांना लिहायवाचायला शिकवलं. मराठी बायबल तेव्हा होतं. १८०५ पासून छापलं जात होतं. पण त्याची भाषा संस्कृतानं जड झालेली. नुकतीच अक्षरं लावू लागलेल्या बाईला ते कसं कळावं? तेव्हा रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि मूळ भाषेतून सगळं बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतलं. अठरा वर्षांच्या आसपास ते चाललं.

छापलं कुठं? तिथंच, सदनाच्या छापखान्यात. शिशाचा एकेक खिळा, त्यावर अक्षर उलटं. काना वेगळा, मात्रा वेगळी. ते निवडून ओळ जुळवायची, मुद्रित काढायचं, चूक दिसली की खिळा काढून दुसरा बसवायचा. हे काम सदनातल्या बायका करत होत्या. कधीकाळी भुकेनं रस्त्यावर आलेल्या.

रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं. खरं सांगायचं तर चर्चमध्ये ते फारसं रुळलं नाही; तिथं आज दुसरीच भाषांतरं वाचली जातात.

पुढच्या बैठकीला रूथचं पुस्तक आणतो आहोत. चारच अध्याय आहेत, तासाभरात वाचून होईल. ज्यांना अक्षर लावायला वेळ लागतो त्यांनी आधी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.